हिरवी कोणी पाहिली

दादानं हिरवी उल्का पाहिलीच नव्हती. पाहणार कुठून, तो घोरत होता. चौदा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, पहाटे तीन वाजून सतरा मिनिटांनी, आपल्याच घराच्या गच्चीवर, आरामखुर्चीत पाय पसरून आणि गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून दादा गाढ झोपला होता, आणि ती उल्का त्याच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पाहिली ती त्याच्या धाकट्या बहिणीनं. आता तीच उल्का, उल्का मोजणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापली जाणार होती, दादाच्या नावानं, आणि बहिणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

या बहिणीला मंडळात सगळे लेखनिकबाई म्हणत. घरात दादा तिला छकुली म्हणे. चोपन्न वर्षांची, केस पांढरे झालेली, वाचायला चष्मा लागणारी छकुली. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर 'वेळ मिळाला नाही' एवढंच सांगून ती विषय मिटवायची. दादाच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. दिवसा ती एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासायची. मायक्रोस्कोपला डोळा, डाव्या हाताखाली पेशी मोजायचं यंत्र, प्रत्येक जातीच्या पेशीला वेगळी कळ, आणि शंभर पेशी झाल्या की घंटी. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाच्या नजरेतून काय सुटणार?

दादा मुख्याध्यापक होता, आता निवृत्त. उल्कांचा नाद त्याचा, आणि नाद खरा होता, उगाच कशाला नाही म्हणा. पण उल्का मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. निरीक्षकानं आकाशाच्या एका भागाकडे बघत राहायचं आणि मान खाली घालायची नाही. लिहायला खाली वाकलं की तेवढ्यात दोन निसटतात, शिवाय उजेडानं डोळे बिघडतात ते वेगळंच. म्हणून जवळ लेखनिक बसवतात. निरीक्षक नुसतं बोलणार, 'उल्का, तिसरी प्रत', आणि लेखनिक लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात वेळ आणि तपशील लिहिणार. प्रत म्हणजे तेज. आकडा जितका मोठा तितकी उल्का फिकी. लेखनिकानं वर बघायचं नाही, आपल्या मनाचं काही लिहायचं नाही. निरीक्षक पाणी प्यायला उठला किंवा त्याला डुलकी लागली, तर तेवढी मिनिटं वजा करायची. बावीस वर्षं बाई दादाकडे तोंड आणि आकाशाकडे पाठ करून एका स्टुलावर बसल्या.

आता दादाची गंमत अशी की दोन वाजले की त्याला झोप आवरायची नाही. पहिल्या वर्षी तो पेंगला तेव्हा बाईंनी नियमाप्रमाणे चाळीस मिनिटं वजा लिहिली. सकाळी पत्रक पाहून दादाचं तोंड एवढंसं झालं.

"चाळीस मिनिटं? अगं, मंडळात काय म्हणतील? मुख्याध्यापक गच्चीवर झोपा काढतो म्हणतील."

पुढच्या वेळी दादाचं डोकं खांद्यावर कललं तेव्हा बाईंनी स्टूल फिरवलं, टॉर्च विझवला आणि स्वतः वर पाहिलं. जे दिसलं ते बोटांवर लक्षात ठेवायचं आणि मधूनच अंदाजानं कागदावर उतरवायचं, दादाच्या रकान्यात, दादाच्या नावानं. भावाची माया होती म्हणून केलं, आणि खरं सांगायचं तर पाहायची हौसही होती. पण लॅबमध्ये दुसऱ्यानं मोजलेल्या काचेवर आपली सही चालत नाही आणि आपण मोजलेल्या काचेवर दुसऱ्याची; तीस वर्षांची खोड, ती कुठे जाणार? म्हणून स्वतः पाहिलेल्या प्रत्येक उल्केच्या आकड्याखाली बाई पेन्सिलीचा एक बारीक ठिपका द्यायच्या. दादानं कधीतरी विचारलं तेव्हा 'तपासल्याची खूण' म्हणून सांगितलं. त्यानं परत विचारलं नाही. खुणांकडे बघायला त्याला फुरसत कुठे होती.

हिरवीच्या खालीही ठिपका होता.

त्या सकाळी स्वयंपाकघरात चहा घेताना बाईंनी दादाला सगळं सांगितलं होतं. हिरवीगार होती, चांगली चार सेकंद टिकली, गच्चीचा कठडा लख्ख उजळला, खुर्चीची सावली फरशीवरून सरकत गेली, आणि मागे धुराची रेघ राहिली ती हळूहळू वाकडी होत विरली. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. दादा कप हातात धरून ऐकत राहिला. "माझा जरा डोळा लागला असेल," असं काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "लिहिलंस ना नीट?"

लिहिलं होतं. मग काय, पहिल्या वर्षी दादानं शाळेत सांगितलं की आमच्या गच्चीवरून अशी अशी उल्का दिसली. दुसऱ्या वर्षी आम्ही पाहिली असं सांगितलं. तिसऱ्या वर्षी गृहस्थ म्हणाला, "मी जेव्हा ती पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला." त्यानंतर कुठल्याही शाळेत, कुठल्याही वाचनालयात दादाचं भाषण असलं की हिरवी आलीच. हातवारे करून सांगायचा. खुर्चीची सावली, धुराची रेघ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाई मागच्या रांगेत बसून ऐकायच्या आणि घरी येऊन रात्री जेवायच्या नाहीत.

तरी त्यांनी चौदा वर्षं तोंड उघडलं नाही. मंडळानं दादाच्या बावीस वर्षांच्या नोंदींचं पुस्तक काढायचं ठरवलं तेव्हा मात्र त्यांनी धीर केला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, वहिनी समोर असतानाच विषय काढला.

"दादा, बाकीचं राहू दे. हिरवीपुरतं तरी निरीक्षक म्हणून माझं नाव घाल."

दादानं हात पुसता पुसता त्यांच्याकडे पाहिलं. "तुझं?"

"मी पाहिली ती."

"अगं छकुले, तुझी तर आकाशाकडे पाठ. तू काय पाहणार?" तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलीला हसतात तसा हसला. "ऐकून ऐकून तुलाही वाटायला लागलंय बघ."

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, असं कसं हो म्हणता? त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलीय ती."

दादा एवढ्यावर थांबला असता तरी बाईंनी गिळलं असतं. पण पुढच्या शनिवारी पुस्तकाची पानं ठरवायला मंडळ जमलं, आणि तिथं बारा-पंधरा माणसांत दादानं ती गोष्ट विनोद म्हणून सांगितली. "आमच्या लेखनिकबाई आता म्हणतात, हिरवी त्यांनी पाहिली. उद्या म्हणतील, मी घोरत होतो." सगळे हसले. बाई दाराजवळ चहाचे कप ट्रेमध्ये भरत होत्या. त्याही हसल्या, कारण हसल्या नसत्या तर रडल्या असत्या, आणि त्यांना त्या माणसांसमोर रडायचं नव्हतं.

घरी येताना त्यांनी मनाशी पक्कं केलं. याचं उट्टं काढायचं. नुसतं भांडून नाही, रुसून नाही. याच्या हातातून ती उल्का काढून घ्यायची आणि ती घेताना त्याला दिसलं पाहिजे की मी घेते आहे. कित्येक दिवसांनी त्या रात्री बाई पोटभर जेवल्या.

मंडळात सगळ्यांच्या नोंदी तपासायचं काम घड्याळजींकडे होतं. त्यांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. माणूस तुसडा, पण आकड्यांत कोणाची गय करायचा नाही. मिनिटाची चूक झाली तर अध्यक्षांचंही पत्रक परत पाठवायचा. सोमवारी बाईंनी अर्धी रजा टाकली आणि बावीस वर्षांच्या पत्रकांच्या मूळ प्रती दोन पिशव्यांत भरून दुकानात नेल्या. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते.

बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डुलक्या, स्टूल फिरवणं, ठिपके. घड्याळजींनी भिंग न काढता ऐकलं.

"ठिपके तुम्हीच दिलेत. काल बसून दिले असतील."

"असतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही आकडे बघा. मग बोला."

घड्याळजींनी आठ दिवस घेतले. आठ दिवस बाई लॅबमध्ये काचा मोजत होत्या, घरी दादाला पुस्तकाच्या भाषणाचे मुद्दे काढून देत होत्या, आणि आतून दातओठ खात होत्या. नवव्या दिवशी बोलावणं आलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. घड्याळजींनी एकुलतं एक स्टूल पुढे सरकवलं.

"नऊ हजार दोनशे सहा उल्का," ते म्हणाले. "त्यातल्या तीन हजार चारशे अठरा ठिपक्यांच्या. बिनठिपक्यांच्या उल्कांत चौथ्या प्रतीपेक्षा फिकी एकही नाही. बावीस वर्षांत एक नाही. तुमच्या दादांना बारीक दिसतच नाही. ठिपक्यांच्यात मात्र पाचवी आहे, त्याहून फिकीही आहे, ढिगानं. मला इतके दिवस वाटायचं की रात्र चढते तसा त्यांचा डोळा सरावतो. असा कोणाचा डोळा सरावत नाही. दोन माणसं आहेत ही."

बाईंना एकदम खूप बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मग हिरवी माझी."

"थांबा. दोन माणसांची नजर एका रकान्यात मिसळली की ती नोंद बाद. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"ठिपक्यांवरून वेगळी काढता येते की."

"येते. पण खोट्या नावानं लिहिली कोणी? दादा झोपले होते, त्यांनी काही लिहिलं नाही. लिहिलं तुम्ही. लेखनिकानं जाणूनबुजून दुसऱ्याच्या नावावर नोंद केली तर त्याची एकही नोंद धरता येत नाही. त्यांच्या पाच हजार सातशेच्या वर जातील आणि तुमच्या तीन हजार चारशेही जातील. तुमचं नाव कुठेच लागणार नाही, बाई."

"आणि हिरवी?"

"तीही. मंडळाच्या लेखी त्या रात्री तसं काही पडलंच नाही."

दुकानात वीसेक घड्याळं टकटक करत होती आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. बाईंना नियम ठाऊक होता, पण तो आपल्यालाही लागेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. रागाच्या भरात माणूस सगळा हिशेब करतो आणि त्यात स्वतःला धरायचं विसरतो. तीन हजार चारशे अठरा. एकेक आठवत होती म्हटलं तरी चालेल.

घड्याळजींचा आवाज जरा मऊ झाला. "पिशव्या घेऊन घरी जा. मी काही पाहिलं नाही. पुस्तक निघेल, तुमच्या दादांचा सत्कार होईल, हिरवी निदान छापलेली राहील. कोणाच्या का नावानं होईना."

कोणाच्या का नावानं. बाईंच्या डोळ्यांपुढे दादा उभा राहिला, हार घातलेला, हातवारे करत खुर्चीची सावली सांगणारा. आणि मागच्या रांगेत टाळ्या वाजवणारी त्याची छकुली.

"करा बाद," त्या म्हणाल्या.

"सगळ्या?"

"सगळ्या. आधी माझ्या करा."

पत्र आठवड्याभरात आलं. दादानं ते व्हरांड्यात उभं राहून वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं. नोंदींत दोन निरीक्षकांची सरमिसळ झाल्याचं लेखनिकानं स्वतः कळवल्यामुळे पुस्तक रद्द करण्यात येत आहे. वहिनींनी पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि वाचून झाल्यावर त्या तरातरा वरच्या मजल्यावर आल्या.

"वन्सं, काय मिळालं तुम्हाला? अहो, सख्ख्या भावाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. आणि तुमचं तरी काय उरलं?"

"काही नाही उरलं," बाई म्हणाल्या. "आता झालो सारखे."

त्यांना खरोखरच आनंद झाला होता, लपवण्यात काय अर्थ? दोन दिवस त्या गाणं गुणगुणत होत्या. दादानं जेवताना मान वर केली नाही, कोणाचा फोन घेतला नाही, संध्याकाळचं फिरणं बंद केलं. बाई त्याच्याकडे बघून बघून जेवायच्या. चौदा वर्षं मागच्या रांगेत मी अशीच बसले होते, आता तू बस.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा लॅबमध्ये आला. इतक्या वर्षांत तो तिथं कधी आला नव्हता. घरापासून चालत आला होता, शर्ट पाठीला चिकटलेला होता. बाई काच लावून मोजत होत्या. त्यांनी एका बोटानं त्याला थांबायची खूण केली, घंटी वाजेपर्यंत मोजलं, आकडा लिहिला, सही केली आणि मग वर पाहिलं. दादा पेशंटसाठी ठेवलेल्या बाकावर बसला होता.

"पुस्तकाचं जाऊ दे," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. डुलक्या काढल्या, खरं आहे. तू सांभाळून घेत होतीस तेही मला कळत होतं. कळूनही मी गप्प बसलो. त्यासाठी तू जे केलंस ते बरोबर केलंस."

हे ऐकायची बाईंची तयारी नव्हती.

"पण हिरवी मला आठवते गं. सांगायचं म्हणून नाही सांगत. मला तो उजेड आठवतो. कठडा दिसला होता, सावली सरकली होती. डोळे मिटले की दिसते. तीन दिवस मी तेवढाच विचार करतोय. मी ती पाहिली की नाही, हे मलाच कळेनासं झालंय." त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तू तिथं होतीस. तू सांगशील ते मी मानेन. अर्धवट जागा असेन का मी?"

बघा, किती सोपं होतं. 'असशील बहुतेक' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. कागदावरून तर ती गेलीच होती, म्हाताऱ्याच्या डोक्यात राहिली असती तर कोणाचं काय बिघडणार होतं. बाईंना हे सगळं समजत होतं. पण त्यांना ते हसू आठवलं, कपांच्या ट्रेजवळ उभं राहून ऐकलेलं.

"तुझं तोंड उघडं होतं," त्या म्हणाल्या. "त्या उजेडात मी तुझे दात मोजले असते. डोळे मिटलेले होते, दोन्ही. तुला जे आठवतं ते मी तुला सकाळी चहा पिताना सांगितलं होतं. तेवढंच तुझं आहे, तो चहा."

दादाचा चेहरा बदलला. त्याच्या आतलं काहीतरी निघून गेलं आणि बाईंनी ते जाताना पाहिलं. त्यांना हेच हवं होतं.

"मग मला हाक का नाही मारलीस?" त्यानं विचारलं.

चौदा वर्षांत हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता. विचारायचा तर आधी आपण झोपलो होतो हे कबूल करावं लागलं असतं. बाईंकडे उत्तर तयार होतं: चार सेकंदांत कोणाला जाग येते? पण तोंडून भलतंच निघालं.

"दादा म्हणायला अर्धा सेकंद लागतो. माझा हात तुझ्या खुर्चीवरच होता, नुसती हलवली असती तरी तू उठला असतास. नाही हलवली. म्हटलं, ही एक तरी याची नको. मला एकटीला हवी होती ती."

हे त्या स्वतःशीही कधी बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर त्यांना लाज वाटेल असं वाटलं, पण वाटली नाही. नुसतंच रिकामं वाटलं.

दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "कशी होती?"

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "एकदा सांगितली, ती तू घेऊन टाकलीस."

"बरं," दादा म्हणाला. तो उठला, दाराशी जरा थांबला, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं, आत कोणी आजारी असल्यासारखं.

बाईंनी पुढची काच लावली. डोळा मायक्रोस्कोपला टेकवला, पण कळ दाबली नाही. खरं तर सांगायची होती त्यांना. कठड्याच्या आणि सावलीच्या पलीकडचंही खूप होतं, जे त्या सकाळी सांगायचं राहून गेलं होतं. ते ऐकायला कोणी उन्हातून दवाखान्यापर्यंत चालत येईल असा जगात एकच माणूस होता, आणि त्याची पावलं जिन्यावरून खाली जाताना त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली.